दिनदर्शिकेवरच्या उभ्या रेघा : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या सुनेचे प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातील एका घरातले आहे. घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. रुग्ण म्हणजे ७६ वर्षांचे आण्णा, एसटीच्या आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन चार वर्षे झाली होती. परंतु हा अभ्यास आण्णांचा नाही, त्यांना दर तीन महिन्यांनी तपासणीला घेऊन येणाऱ्या त्यांच्या ४९ वर्षांच्या थोरल्या सुनेचा आहे. येथे त्यांना वहिनी म्हणते, कारण घरात आणि गल्लीत सगळे त्यांना तशीच हाक मारतात आणि समुपदेशक म्हणून त्या घरात जायला लागल्यावर मीही तशीच मारू लागले. आण्णांच्या जाडजूड फाइलमध्ये वजन, रक्तदाब, गोळ्यांतील बदल, झोप, भूक अशा चार वर्षांच्या नोंदी होत्या. वहिनींविषयी त्यात दोनच शब्द होते : ‘सोबत : सून’.

घरात वहिनींचे यजमान, बारावीला असलेला मुलगा आणि आण्णा अशी माणसे होती. यजमान कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जात. धाकटे दीर पुण्याला नोकरीत, नणंद तासगावला. सासूबाई सहा वर्षांपूर्वी वारल्या होत्या आणि त्यांचे शेवटचे आजारपण नणंदेने काढले होते. आण्णांची जबाबदारी वहिनींकडे आली ती कुणी ठरवून दिली म्हणून नव्हे, तर त्या घरात होत्या म्हणून. त्यात जिव्हाळाही होता. लग्नानंतर वहिनींनी बारावीची परीक्षा द्यायचे ठरवले तेव्हा सासूबाईंचा विरोध होता. त्या दिवसांत आण्णा आपली पाळी बदलून घेत आणि त्यांना सायकलवर मागे बसवून परीक्षा केंद्रावर सोडत. “त्यांचं मी करायचं नाही, तर कुणी करायचं?” असे वहिनी मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. या वाक्यातील ऋणाची भावना खरी होती, आणि पुढे ताण ओळखण्याच्या आड तीच सर्वांत जास्त आली.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशभरातील ज्येष्ठांच्या पाहणीवर आधारलेल्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरातील सात जणांहून थोड्या अधिकांना, स्मृतिभ्रंश आहे. आपल्याकडे यांतील बहुतेकांची काळजी घरातच घेतली जाते. ती कोण घेते, हे सहसा कुणी लिहून ठेवत नाही.

ताण कोणत्या रूपाने आला

वहिनींनी ‘ताण’ हा शब्द एकदाही वापरला नाही. माझ्या अनुभवात घरी रुग्णाचे करणाऱ्या फार थोड्या बायका तो वापरतात. त्या म्हणत, “डोकं भणभणतंय”, “अंगात त्राण म्हणून राहिलं नाही”, “पित्तानं हैराण केलंय”. पाच महिन्यांत त्या तीन वेळा जवळच्या दवाखान्यात गेल्या होत्या आणि तिन्ही वेळा डोकेदुखीच्या, पित्ताच्या व कंबरेच्या गोळ्या घेऊन परतल्या होत्या. पाळी अनियमित झाली होती आणि रक्तस्राव फार होत होता. त्यावर शेजारणींचे म्हणणे, वयच आहे ते, चालायचेच. दूध रोज उतू जाऊ लागले होते, मुलावर विनाकारण ओरडणे वाढले होते. भिशीला जाणे बंद झाले होते आणि माहेरून आईचा फोन आला की वाजू दिला जात होता. यांतील प्रत्येक गोष्टीला घरात वेगळे कारण दिले जात होते. सगळ्या एकत्र मांडून पाहिल्या असत्या तर चित्र केव्हाच स्पष्ट झाले असते.

मीही ती मांडली नव्हती. दोन भेटींत मी आण्णांच्या संध्याकाळच्या बेचैनीविषयी सविस्तर बोलले आणि निघताना “तुम्ही कशा आहात?” असे विचारले. “बरी आहे की” असे उत्तर आले आणि मी ते स्वीकारले. यजमान शेजारी बसलेले असताना, सासरे समोर असताना, एखादी सून या प्रश्नाचे दुसरे काय उत्तर देणार?

तिसऱ्या भेटीत रक्तदाब मोजण्यासाठी आण्णांच्या सदऱ्याची बाही वर केली, तेव्हा मनगटाच्या आतल्या बाजूला एकापुढे एक असे चार निळसर डाग दिसले. माझ्या आधी वहिनींची नजर तिथे गेली होती. यजमान औषधे आणायला खाली गेले होते. वहिनी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “ती माझी बोटं आहेत, ताई.”

आदल्या रात्री सव्वातीनला आण्णा चौथ्यांदा उठून दाराची कडी काढत होते. पहिली गाडी सोडायची आहे, आगारात कुणी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वहिनींनी मनगट धरून त्यांना खाटेपर्यंत ओढत आणले. ओढताना आण्णा म्हणाले, “अहो बाई, सोडा मला, गाडीची वेळ झाली.” ज्यांनी सायकलवरून परीक्षेला नेले, त्यांनी आपल्याला ‘अहो बाई’ म्हणावे हे ऐकून आपली पकड सैल होण्याऐवजी आणखी घट्ट झाली, असे वहिनींनी स्वतः सांगितले. त्यानंतर सकाळपर्यंत त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होत्या.

अशा कबुलीला दोन प्रकारे चुकीचे उत्तर देता येते. एक म्हणजे दटावणे. दुसरे, जे दिसायला मायेचे असते, ते म्हणजे “जाऊ द्या, होतं असं” म्हणून विषय मिटवणे. दटावले तर पुढच्या वेळी डाग लपवले जातील. मिटवले तर ते पुन्हा उमटतील. म्हणून आम्ही ती गोष्ट जशी होती तशी हाताळली. डॉक्टरांनी मनगट तपासले, हाडाला इजा नसल्याची खात्री केली आणि नोंद केली. पूर्वी असे घडले होते का, हे मी विचारले. ढकलणे एकदा झाले होते. आज रात्री तुम्ही एकट्या त्यांच्याजवळ राहू शकाल का, असेही विचारले. वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी मान नकारार्थी हलवली. त्यांच्या संमतीने यजमानांना वर बोलावून झालेला प्रकार सांगितला. ते काही बोलले नाहीत. त्या रात्रीपासून आठवडाभर त्यांनी वडिलांच्या खोलीत अंथरूण टाकले.

मोजमाप

काळजीवाहकाचा भार मोजण्यासाठी अमेरिकेतील स्टीव्हन झारिट यांनी १९८० मध्ये मांडलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या आज रूढ असलेल्या रूपात २२ प्रश्न आहेत, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ८८. एकेचाळीस ते साठ गुण म्हणजे मध्यम ते तीव्र भार, असे ढोबळमानाने धरतात. वहिनींचे ५६ आले. मी प्रश्न तोंडी, साध्या मराठीत आणि त्या एकट्या असताना विचारले. रुग्णाजवळ असताना राग येतो का, या प्रश्नावर त्यांनी आधी दाराकडे पाहिले. आणि आपण त्यांच्यासाठी याहून जास्त करायला हवे असे वाटते का, या प्रश्नावर क्षणाचाही विलंब न लावता “नेहमी” असे उत्तर दिले. चार वर्षे एकहाती करणाऱ्या बाईला आपण कमी पडतो असे ‘नेहमी’ वाटत होते. एकूण गुणांपेक्षा या एका उत्तराने मला अधिक सांगितले.

नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी १३ गुण आले; दहा किंवा त्याहून अधिक आल्यास नीट तपासणी करावी असा संकेत आहे. त्यातील नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. “जीव नकोसा झालाय” हे आपल्याकडे इतके सहज बोलले जाते की ऐकणारा ते सोडून देतो. ते सोडू नये. मी सरळ विचारले, “मरून जावं, स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का?” त्या म्हणाल्या, “मरावं असं नाही. पण एखाद्या गाडीत बसावं आणि ती कुठं थांबूच नये, असं वाटतं.” हे लिहून घेतले, पुढच्या प्रत्येक भेटीत पुन्हा विचारले, आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य क्रमांक त्यांनी दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

शरीराच्या तपासण्याही केल्या. हिमोग्लोबिन ८.६ निघाले आणि रक्तदाब दोन वेगवेगळ्या दिवशी १५० च्या वर. ज्याला आम्ही केवळ मनाचा थकवा समजलो असतो, त्यात रक्तक्षयाचा मोठा वाटा होता. याची उलट बाजूही तितकीच खरी होती : स्त्रीरोगतज्ज्ञांनी दीड वर्षापूर्वी गर्भाशयातील गाठींसाठी शस्त्रक्रिया सुचवली होती आणि “आण्णांचं कोण बघणार” म्हणून ती पुढे ढकलली गेली होती. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

मग मी त्यांना एक काम दिले. रात्री जितक्या वेळा उठावे लागेल तितक्या उभ्या रेघा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात मारायच्या. त्या चौकोनांत दुधाचा हिशेब आधीपासून होता. त्याच्या खाली रेघा येऊ लागल्या. यजमानांची रात्रपाळी सुरू झाल्याने वहिनींची आई त्या काळात सोबतीला येऊन राहिली होती, पण उठायच्या वहिनीच. चौदा रात्रींच्या ५७ रेघा झाल्या. सरासरी चार वेळा उठणे, आणि सलग झोप कधीही अडीच तासांपेक्षा जास्त नाही.

बैठक

घरच्यांची बैठक आण्णांच्या घरीच, सोप्यात झाली. दीर पुण्याहून आले, नणंद तासगावहून आल्या. सुरुवात चांगली झाली नाही. दिरांनी चांगला वृद्धाश्रम शोधण्याची गोष्ट काढली, यजमानांनी ती तोडून टाकली, आणि नणंद म्हणाल्या, “आईचं मी केलं, तेव्हा कुणी तक्ते मांडले नव्हते.” हे वाक्य कडू होते, पण मला त्यात कुरकुरीपेक्षा वेदना अधिक ऐकू आली. मी त्यांना विचारले की तेव्हा तुमच्या झोपेचे काय झाले होते. त्या काही क्षण थांबल्या आणि म्हणाल्या की आई गेल्यावर दोन वर्षे त्यांना झोपेची गोळी लागत होती. हे भावांना माहीत नव्हते. बैठक खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाली.

यजमानांनी उठून दिनदर्शिका भिंतीवरून काढली आणि रेघा मोजल्या. त्यांची समजूत होती की आण्णा रात्री ‘एकदा-दोनदा’ उठतात. ते खोटे बोलत नव्हते. पलीकडच्या खोलीत त्यांना एकदा-दोनदाच ऐकू येत असे. आपल्या घरांत ज्या बाईला जाग येते तिची जाग हेच कर्तव्य ठरते, आणि ज्यांना जाग येत नाही त्यांना ते कर्तव्य दिसतही नाही. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांची नावे घेतो. सुनेचे नाव त्या व्याख्येत नाही. या घरात प्रत्यक्ष हात लावणारी व्यक्ती मात्र तीच होती.

अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराची काळजी घेताना ताण जाणवत असलेल्या वृद्धांमध्ये चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण, अशी काळजी घ्यावी न लागणाऱ्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी जास्त आढळले. तो अभ्यास वृद्ध पती-पत्नींचा होता, पन्नाशीच्या सुनांचा नव्हे, म्हणून तो आकडा मी बैठकीत वापरला नाही. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि ५७ रेघा एवढेच मांडले. ते पुरले.

काय बदलले

माझे ठाम मत आहे की ज्या बाईला चार वर्षे सलग झोप मिळालेली नाही तिला प्राणायाम शिकवणे हा तिच्यावर अन्याय आहे. आधी रात्र परत द्यावी. म्हणून पहिला प्रश्न वहिनींचा नव्हे, आण्णांचा घेतला : ते का उठतात? उत्तर बरेचसे साधे निघाले. रक्तदाबाच्या उपचारात लघवी वाढवणारी एक गोळी होती, ती रात्री जेवणानंतर दिली जात होती. डॉक्टरांनी ती सकाळी केली. दुपारी दीड ते साडेचार अशी झोप होत होती, ती तासाभरावर आणली. संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद केला. दिवेलागणीच्या आधीच घरातले सगळे दिवे लावायचे ठरले, कारण अंधारून आले की त्यांची बेचैनी वाढत असे. दाराला देवघरातली जुनी घंटी बांधली, म्हणजे एक कान सतत जागा ठेवून झोपण्याची गरज राहिली नाही.

गाडीचा प्रश्न नातवाने सोडवला. आजोबा आता निवृत्त झाले आहेत, आगार त्यांचे राहिलेले नाही, हे त्यांना पटवून देण्यात घराची दोन वर्षे गेली होती आणि प्रत्येक वेळी भांडण झाले होते. त्याने एका लांब वहीत रकाने आखले : वेळ, गाडी, मार्ग, शेरा. रात्री झोपण्यापूर्वी आण्णा त्यात थरथरत्या अक्षरात सांगली-जत, सांगली-विटा अशा नोंदी करतात आणि घरातले कुणीतरी म्हणते, “मुक्कामी गाड्या सगळ्या गेल्या, आण्णा. नोंद झाली.” बहुतेक रात्री तेवढ्यावर ते निवांत होतात. हे त्यांना फसवणे आहे का, असे वहिनींनी मला विचारले. मी म्हटले की त्यांना गाडीची नव्हे, आपले काम चोख झाल्याची काळजी आहे, आणि त्या काळजीला हे उत्तर खरे आहे.

आंघोळीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण दिवसातला सर्वांत मोठा झगडा तिथे होता. आण्णा लुंगीची गाठ दोन्ही मुठींनी धरून ठेवत, वहिनी ती सोडवू पाहत, पाणी निवून जाई. घरात याला हट्ट म्हणत. मला त्यात त्यांची लाज दिसली. वीस-बावीस वर्षे ज्या सुनेने त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिने त्यांचे वस्त्र सोडावे, हे त्यांच्या विस्कटलेल्या स्मृतीलाही सहन होत नव्हते. आणि वहिनींनाही ते रोज नव्याने सहन करावे लागत होते. त्यांनी हे कधी बोलून दाखवले नव्हते, कारण बोलणे म्हणजे सेवा नाकारणे असे त्यांना वाटे. चोवीस तासांचा माणूस ठेवणे घराला परवडणारे नव्हते. मात्र रुग्णालयातून निवृत्त झालेले एक वॉर्डबॉय गल्लीतच राहत होते. ते सकाळी तासभर येऊ लागले आणि त्यांचे पैसे दिरांनी उचलले. पहिल्याच आठवड्यात मुठी सुटल्या.

रात्रींची वाटणी अशी ठरली : दिवसपाळी असेल तेव्हा आठवड्यातील तीन रात्री यजमानांच्या, महिन्यातून चार दिवस नणंद येणार, एक शनिवार-रविवार दीर. रागासाठीही एक साधा करार झाला. हात आवळू लागले असे जाणवले की आण्णांना खुर्चीत बसवायचे, ते पडणार नाहीत याची खात्री करायची, आणि मागच्या अंगणात जाऊन यजमानांना किंवा आईला फोन करायचा. पुन्हा डाग उमटला तर तो लपवायचा नाही, मला सांगायचा. सहा महिन्यांत एकदाच तसा फोन आला, डाग उमटण्यापूर्वी.

अशा मदतीसाठी मोठी यंत्रणा लागतेच असे नाही, हे गोव्यात दिसले आहे. तेथील दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांवर झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठीच महत्त्वाचा वाटतो. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरोघर जाऊन आजार समजावून सांगत, वागणुकीच्या अडचणींवर उपाय सुचवत आणि कुटुंबीयांना आधार देत. सहा महिन्यांत काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्रास कमी झाला. आपल्या तालुक्यांतील आशाताई आणि परिचारिका यांना हे काम जमणार नाही असे मला मुळीच वाटत नाही.

सहा महिन्यांनंतर

सगळे ठरल्याप्रमाणे झाले नाही. दिरांचे शनिवार-रविवार दोन महिन्यांनी थांबले. पैसे मात्र नियमित येत राहिले. पुण्यातील काळजीवाहकांच्या गटाला जाणे जमले नाही, कारण त्यासाठी अख्खा दिवस जातो. दिवाळीच्या सुमारास आण्णांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, एका रात्रीत ते पूर्ण भ्रमिष्ट झाले, पाच दिवस रुग्णालयात ठेवावे लागले, आणि त्या महिन्यात वहिनींचे भाराचे गुण पुन्हा ५२ वर गेले. अशा आजारात अचानक झालेला मोठा बदल हा स्मृतिभ्रंश वाढल्याचा नव्हे, तर बहुधा दुसऱ्या एखाद्या दुखण्याचा असतो, हे घरच्यांना आधीच सांगितलेले असल्याने त्यांनी त्याच दिवशी डॉक्टर गाठले, एवढे समाधान.

सहाव्या महिन्यात भाराचे गुण ४२ होते, नैराश्याच्या चाचणीचे ७. रक्तदाब औषधाने आटोक्यात आला, हिमोग्लोबिन १०.८ झाले. रात्रीच्या रेघा सरासरी दीडवर आल्या. वहिनी आठवड्यातून दोन दुपारी ब्लाउज शिवायला बसू लागल्या. पैशापेक्षा यंत्राचा आवाज बरा वाटतो म्हणाल्या. दुःख कमी झालेले नाही, ते होणारही नाही. आण्णा अजून त्यांना ‘अहो बाई’ म्हणतात. मध्यंतरी एका सकाळी परीक्षेचे विचारले, पेपर कसा गेला म्हणून, आणि वहिनी त्या दिवशी मला फोन करून खूप रडल्या. माणूस समोर असताना त्याच्यासाठी रडणे हा वेडेपणा नाही, एवढेच मी त्यांना सांगू शकले.

लांबलेली शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. त्यानंतर तीन आठवडे त्यांना कुणालाही उचलता येणार नाही आणि रात्री उठता येणार नाही. दिनदर्शिकेचे नवे पान यजमानांनी स्वतः आखले असून प्रत्येक रात्रीच्या चौकोनात नाव लिहायचे आहे. परवाच्या भेटीत एकवीसपैकी बारा चौकोन भरलेले होते. उरलेल्या नऊ रात्रींसाठी दिरांना फोन लावायचे काम या वेळी वहिनींकडे नाही, यजमानांकडे आहे.